लॉटरीचा पैसा कोठून येतो व कोठे जातो?

शास्त्रपाठ : २ शमुवेल २४:१८-२५, मत्तय २७:३-१०, मार्क १२:४१-४४.

खेड्यातील एका उपदेशक बंधूने आम्हांस एक प्रश्न लिहून कळविला आहे. तो लिहितो : "आमच्या मंडळीतील मोलमजुरी करणारा एक भाऊ दर रविवारी नेमाने दानपेटीत काही ना काही टाकीत असे. हल्ली तो आठवड्याच्या बाजारी लॉटरीचे तिकीट घेतो, आणि उपासनेच्या वेळी पेटी समोर आली म्हणजे ती तशीच शेजाऱ्याकडे सरकवितो. त्यास विचारिले असता तो म्हणाला की, माझा पैसा काही वाया जात नाही. बक्षीस लागले तर माझ्या लेकरांचे भले होईल. न लागले तर तो पैसा सरकारात जमा होतो व सरकार त्यातून शाळा आणि दवाखाने चालविते. तेव्हा हेही एक दानच झाले. ह्या भावास मी काय उत्तर द्यावे?"

प्रश्न सरळ मनाने विचारिलेला आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. जुगार वाईट आहे एवढे बोलून उठून जाणे सोपे आहे; परंतु त्या भावाच्या मुद्द्यास ते उत्तर होत नाही. तो जुगाराची बाजू घेत नाही. पैशाचा विनियोग चांगला होतो, एवढेच त्याचे म्हणणे आहे. म्हणून आजच्या पाठात आपण त्या विनियोगाचीच वही उघडून पाहू.

१. कोणते उदाहरण घ्यावे?

आपल्या देशात सरकारी लॉटरी प्रथम केरळ राज्याने १९६७ साली सुरू केली व १९६९ साली महाराष्ट्र राज्यानेही ती काढिली. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने असे ठरविले आहे की, तिकिटांच्या विक्रीचा पैसा राज्याच्या सार्वजनिक खात्यात जमा झाला पाहिजे. राज्याच्या खात्यात एकदा पडलेला पैसा इतर उत्पन्नात मिसळून जातो. त्यातील कोणता रुपया कोणत्या रस्त्यास लागला हे निवडून सांगणे कठीण असते. नदीला मिळालेल्या ओढ्याचे पाणी पुन्हा वेगळे काढता येत नाही, तसेच हे आहे.

शिवाय, एखाद्या गोष्टीची परीक्षा करावयाची तर तिचे वाईट उदाहरण घेऊन करू नये. उत्तमातले उत्तम घेऊन करावी. म्हणून आम्ही असे एक राज्य निवडिले आहे की, जेथे लॉटरीचा नफा दुसऱ्या कोणत्याही कामास न लाविता केवळ मुलांच्या शिक्षणास लाविला जातो. ज्या देशातून पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया हे ते राज्य होय.

२. जॉर्जियाने काय केले?

अमेरिकेत राज्य सरकारांच्या लॉटऱ्यांचा अर्वाचीन काळ न्यू हॅम्पशायर राज्याने १९६४ साली सुरू केला. जॉर्जियात मात्र राज्यघटनेनेच लॉटरीस मनाई होती. झेल मिलर नावाचे गृहस्थ १९९० साली तेथील गव्हर्नर निवडून आले. त्यांनी लोकांपुढे असा प्रस्ताव मांडिला की, लॉटरी सुरू करू आणि तिचा सर्व नफा शिक्षणासाठी राखून ठेवू. बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या, विशेषेकरून बाप्तिस्त मंडळ्या, ह्याच्या विरुद्ध होत्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये जनतेची मते घेण्यात आली, तेव्हा थोड्याशा मताधिक्याने प्रस्ताव मंजूर झाला व जून १९९३ मध्ये तिकिटे विकण्यास आरंभ झाला.

ह्या पैशातून मुख्यतः दोन कामे होतात. पहिले, चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत बालवर्ग. १९९५ सालापासून ते गरीब-श्रीमंत असा भेद न करिता सर्वांस खुले करण्यात आले, आणि असे करणारे जॉर्जिया हे त्या देशातील पहिले राज्य ठरले. दुसरे काम म्हणजे 'होप' नावाची शिष्यवृत्ती. माध्यमिक शाळेत ज्यांनी सरासरी 'बी' श्रेणी मिळविली असेल, त्यांस राज्यातील कॉलेजात शिकण्यासाठी ही मदत मिळते. 'होप' ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आशा असा आहे.

ह्या दोन्ही कामांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. लक्षावधी मुले बालवर्गात बसली व लक्षावधी तरुण कॉलेजात शिकले. हा पैसा शिक्षणाच्या चालू खर्चाच्या जागी न घालता त्यात भर म्हणून घालावा, असे कायद्यातच लिहिलेले आहे. हे विशेष आहे. कारण लॉटरीचा पैसा शाळांस एका हाताने द्यावा व शाळांचा नेहमीचा पैसा दुसऱ्या हाताने काढून घ्यावा, अशी तक्रार त्या देशातील इतर राज्यांतून पुष्कळ वेळा ऐकू आली आहे.

असो. उत्तम उदाहरण ते हेच. आता ह्याचाच हिशेब पाहू.

३. एका तिकिटाच्या पैशाचे काय होते?

मूळ कायद्यात असे होते की, विक्रीच्या पैशातून शक्य तोवर निदान ४५ टक्के बक्षिसांत वाटावे व निदान ३५ टक्के शिक्षणास द्यावे. पुढे अनुभव असा आला की, बक्षिसे वाढविली म्हणजे तिकिटे जास्त खपतात. म्हणून बक्षिसांचा हिस्सा वाढत गेला व शिक्षणाचा हिस्सा उतरत गेला. २०२१ ते २०२३ ह्या वर्षांत दर साली ५५० कोटी डॉलरांहून अधिक किमतीची तिकिटे विकली गेली, आणि त्यांतून शिक्षणाच्या खात्यास दर साली सुमारे १५० कोटी डॉलर मिळाले. म्हणजे शंभर डॉलरांपैकी शाळेच्या वाट्यास सुमारे चौथा हिस्सा आला. बाकीचे तीन हिस्से बक्षिसे, दुकानदारांचे कमिशन, तिकिटांची छपाई, यंत्रे आणि जाहिराती ह्यांत गेले.

हाच हिशेब आपल्या मंडळीस लावून पाहावा. शाळेसाठी शंभर रुपये द्या असे म्हणून कारभारी वर्गणी गोळा करितो, आणि वर्षाअखेर वही दाखविताना म्हणतो की, पंचवीस शाळेस दिले आणि उरलेल्यांपैकी बहुतेक ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्यास दिले. असा कारभारी आपले पंच दुसऱ्या वर्षी ठेवतील काय? मग ज्या वहीस आपण मंडळीत दान म्हणणार नाही, तिला बाजारात दान कसे म्हणावे?

आणि बक्षीस लागण्याचा संभव तरी किती? जॉर्जियात 'पॉवरबॉल' नावाच्या मोठ्या सोडतीची तिकिटे मिळतात. २०१५ सालापासून तिच्या पहिल्या बक्षिसाचा संभव २९ कोटी २२ लाखांत एक इतका आहे. ज्वारीचे हजार दाणे सुमारे तीस ग्रॅम भरतात असे धरिले, तर इतके दाणे होण्यास शंभर किलोंची सुमारे अठ्ठ्याऐंशी पोती लागतील. त्या सर्व पोत्यांत एकच दाणा रंगवून टाकिला आहे, आणि डोळे बांधून पहिल्याच चिमटीत तोच उचलावयाचा आहे. शेतकरी बंधूंनी आपल्या खळ्यावर उभे राहून ह्याचा विचार करावा.

४. कोणी दिले व कोणास मिळाले?

येथपर्यंत पैसा किती, एवढेच आपण पाहिले. आता तो कोणाचा, हे पाहावयाचे आहे. पाठाचे मर्म येथेच आहे.

रॉस रुबेनस्टाइन व बेंजामिन स्काफिडी ह्या दोन अभ्यासकांनी जॉर्जियाच्या लॉटरीविषयी शोध करून २००२ साली आपला निष्कर्ष छापिला. त्यांस असे दिसले की, कमी उत्पन्नाची व कृष्णवर्णीय इत्यादी कुटुंबे तिकिटांवर अधिक खर्च करितात, पण त्या पैशापासून होणारा लाभ त्यांस कमी मिळतो. आणि जी कुटुंबे सुस्थितीत आहेत त्यांस लाभ अधिक मिळतो.

असे का व्हावे? कोणी मुद्दाम कपट केले असे नाही. शिष्यवृत्तीच्या नियमांतून ते आपोआप घडले. पहिल्या वर्षी नियम असा होता की, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न ६६,००० डॉलरांपेक्षा अधिक असेल त्या घरच्या मुलास 'होप' मिळू नये. दुसऱ्या वर्षी ही मर्यादा १,००,००० डॉलरांवर नेली, आणि १९९५ साली ती काढूनच टाकिली. म्हणजे धनिकाच्या मुलासही दार उघडले. उलटपक्षी, अति गरीब विद्यार्थ्यांस केंद्र सरकारकडून 'पेल' नावाची मदत मिळते. ती जितकी मिळे तितकी रक्कम त्यांच्या 'होप'मधून कापून घेण्यात येई. २००० सालापर्यंत हा नियम चालू होता. ह्याचा परिणाम असा झाला की, ज्याच्या बापाने तिकिटे घेतली त्याच्या मुलाच्या हाती 'होप'मधून थोडेच पडले, आणि ज्याच्या बापाने तिकिटास हातही लाविला नव्हता त्याच्या मुलाची सारी फी भरली गेली.

ह्याच शिष्यवृत्तीविषयी ख्रिस्तोफर कॉर्नवेल व डेव्हिड मस्टर्ड ह्या जॉर्जियाच्याच विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी शोध केला. त्यांस दिसून आले की, 'होप' सुरू झाल्यावर सुखवस्तू भागांत मोटारगाड्यांची खरेदी वाढली. कारण उघड आहे. ज्या घरी कॉलेजच्या फीसाठी पैसा बाजूस ठेविलेला होता, त्या घरी तो शिल्लक पडला, व मुलासाठी गाडी आली.

पुढे फीचे दर चढत गेले व लॉटरीचा पैसा पुरेना. तेव्हा २०११ साली कायदा बदलून सामान्य 'होप' विद्यार्थ्यांस पूर्ण फी देणे बंद केले, आणि ज्यांचे गुण फारच वरचे असतील केवळ त्यांचीच पूर्ण फी चालू ठेविली. अतिशय वरचे गुण बहुधा कोणत्या घरच्या मुलांस पडतात हे शिक्षक बंधूंस सांगावयास नको; ज्या घरी पुस्तके, दिवा आणि निवांतपणा आहे त्याच घरच्या मुलांस. पूर्ण फीची सवलत सर्व 'होप' विद्यार्थ्यांस पुन्हा मिळावयास २०२३ साल उजाडावे लागले.

बालवर्गाविषयी मात्र न्याय्य बोलले पाहिजे. ते सर्वांस मोफत असल्यामुळे त्यांचा लाभ गरिबांच्या घरीही पोहोचतो. ह्यावरून एक गोष्ट शिकावी : पैसा कोणत्या कामास लाविला एवढेच विचारून भागत नाही, त्या कामाच्या दारातून आत कोण येऊ शकतो, हेही विचारिले पाहिजे.

५. सरकारच्या गळ्यातील जोखड

आणखी एक गोष्ट आहे. शाळा एकदा लॉटरीच्या पैशावर उभी राहिली, म्हणजे तो पैसा कमी होऊ देणे सरकारास परवडत नाही. लोक तिकिटे घेईनासे झाले तर बालवर्ग बंद पडतील! म्हणून जाहिराती काढाव्या लागतात, नवे खेळ शोधावे लागतात, मोठाल्या बक्षिसांचे आमिष दाखवावे लागते. एरवी जे सरकार प्रजेस काटकसर शिकविते, तेच प्रजेच्या उधळपट्टीवर आशा ठेवून बसते. कर घ्यावयाचा झाला तर ज्याच्यापाशी अधिक आहे त्याच्याकडून अधिक घेता येतो. येथे ज्याला गरज अधिक त्याचाच हात आधी पुढे येतो.

जॉर्जियाच्या शेजारी अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील गव्हर्नर डॉन सीगलमन ह्यांनी जॉर्जियाच्याच नमुन्यावर लॉटरी काढण्याचा प्रस्ताव केला. ऑक्टोबर १९९९ मध्ये मते घेतली, तेव्हा ख्रिस्ती मंडळ्यांनी घरोघर जाऊन लोकांस समजाविले, आणि शंभरांत सुमारे ५४ मते विरुद्ध पडून प्रस्ताव नापास झाला. तथापि ह्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. त्या राज्यातील कित्येक लोक सीमा ओलांडून शेजारच्या राज्यांत तिकिटे घेण्यास जातच असतात. आणि ज्या मंडळ्यांनी 'नको' म्हटले त्यांच्यावर दुसरे ऋण चढले : लॉटरी नको, तर गरिबाची मुले कोणाच्या पैशाने शिकावी? 'नको' म्हणणाऱ्याने ह्या प्रश्नाचे उत्तर आपला खिसा उघडून द्यावे लागते.

६. आपल्या घरातील गोष्ट

सरकारास बोल लाविताना आपण आपलेही अंगण झाडले पाहिजे. कलकत्त्याचे जुने सेंट जॉन चर्च पुष्कळांस ऐकून माहीत असेल. त्याचा पाया १८७४ साली नव्हे, तर त्याच्याही नव्वद वर्षे आधी, १७८४ साली, घालण्यात आला. आणि त्या मंदिरासाठी लागणाऱ्या पैशापैकी काही भाग लॉटरी काढून उभारिला होता. १८१७ साली त्याच शहरात लॉटरी कमिटी नेमून तिच्या पैशातून रस्ते व तलाव केले. आपल्या मुंबईचा टाऊन हॉल १८३३ साली पुरा झाला. त्याच्यासाठीही लॉटरीने पैसा जमविण्याचा यत्न झाला होता. त्या काळच्या पुष्कळ भल्या ख्रिस्ती लोकांस ह्यात काही गैर वाटले नाही.

पुढे डोळे उघडले ते गरिबांच्या घरांकडे पाहून. विलायतेत पार्लमेंटने १८०८ साली लॉटरीची चौकशी करविली, तेव्हा गरीब कुटुंबांची तिच्यापायी कशी दुर्दशा होते हे उघडकीस आले. आणि १८२६ साली तेथील जुन्या सरकारी लॉटरीची शेवटची सोडत झाली. (१९९४ साली ती नव्या रूपाने पुन्हा सुरू झाली, हेही सांगितले पाहिजे.) मंदिराच्या सुंदर भिंतीकडे पाहून जे कळले नाही, ते गरिबाच्या रिकाम्या चुलीकडे पाहून कळले.

७. शास्त्राचा प्रकाश

आता आरंभी दिलेले तीन शास्त्रपाठ उघडावे.

पहिला दावीद राजाचा. अरवना यबूसी आपले खळे, बैल व लाकडे राजास फुकट देऊ करितो. काम पवित्र, देणारा राजीखुशीचा. तरी दावीद ते फुकट घेत नाही. ज्यास आपणास काही मोल पडले नाही ते देवास अर्पण करणे त्यास रुचत नाही, म्हणून तो पन्नास शेकेल रुपे मोजून देतो. लॉटरीवर शाळा चालविणाऱ्या समाजास हा पाठ विचारितो : तुमच्या मुलांच्या शिक्षणाचे मोल तुम्ही स्वतः दिले, की शेजारच्या गरिबाच्या भोळ्या आशेकडून घेतले?

दुसरा पाठ मुख्य याजकांचा. यहूदाने परत टाकिलेली तीस रुप्याची नाणी भांडारात घालणे त्यांस शास्त्राविरुद्ध वाटले. म्हणून त्यांनी त्यांचे कुंभाराचे शेत परदेशी लोकांच्या दफनासाठी विकत घेतले. काम परोपकाराचे होते. पण त्या परोपकाराने पैशावरचा डाग गेला काय? लोक त्या शेतास कोणत्या नावाने ओळखू लागले ते आठव्या वचनात पाहावे. लॉटरीचा पैसा व तो पैसा एकच आहे असे आमचे म्हणणे नाही. एवढेच म्हणणे आहे की, शेवटी चांगल्या कामास लागला म्हणून कोणताही पैसा मागे वळून शुद्ध होत नाही.

तिसरा पाठ विधवेचा. तिने दोन टोल्या टाकिल्या. त्या टाकिताना काही परत मिळेल अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि तिच्या टाकण्याने दुसऱ्या कोणाचे काही गेले नाही. दानाची खूण हीच. तिकीट घेणाऱ्याचे मन मात्र परत मिळण्यावर असते. आणि त्यास बक्षीस लागलेच, तर ते त्याच्यासारख्याच हजारो गरिबांच्या हरलेल्या पैशांचे असते.

कोणी म्हणेल की, प्रेषितांनीही मत्थियाच्या वेळी चिठ्ठ्या टाकिल्या. खरे आहे, परंतु तेथे कोणी पैसा लाविला नव्हता व कोणी हरला नव्हता.

८. त्या भावास काय सांगावे?

उपदेशक बंधूस आमची विनंती आहे की, त्याने त्या भावास चारचौघांत लाजवू नये. त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. तिकीट का घ्यावेसे वाटले हे आधी विचारावे. बहुधा मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, आजारपण, असे काही तरी त्याच्या उरावर असेल, आणि ते त्याने मंडळीस सांगितले नसेल. कारण मंडळीकडून काही होईल अशी आशा त्यास राहिली नसेल. तसे असेल तर दोष एकट्या त्याचा नाही. ज्यास आपल्या भावांकडे आशा उरत नाही, तो बाजारात आशा विकत घेतो.

मग त्यास हा हिशेब साध्या शब्दांत सांगावा : तुझ्या तिकिटाचा थोडाच हिस्सा शाळेस पोहोचेल, आणि त्या शाळेतही तुझे लेकरू शेवटी बसेल. तोच पैसा मंडळीच्या पेटीत पडला तर त्याचा हिशेब तुझ्यादेखत होईल.

पण असे म्हणण्यापूर्वी पेटीचा हिशेब खरोखरच त्याच्यादेखत होत असला पाहिजे. आपल्या बायाबापड्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवितात. सुगीच्या सणात पायली-दोन पायली आणितात. त्या धान्याचे काय झाले हे पंचांनी वर्षातून चारदा तरी उपासनेनंतर उभे राहून वाचून दाखवावे. कोणा विधवेस किती दिले, कोणाच्या मुलाच्या पुस्तकांस किती दिले, शिल्लक किती, हे सर्वांनी ऐकावे. सरकारी लॉटरीची वही आपण आज तपासली. आपलीही वही कोणी तशीच तपासावयास मागितली तर ती उघडून दाखविता आली पाहिजे.

मननासाठी प्रश्न

१. जॉर्जियाच्या लॉटरीने झालेली दोन चांगली कामे कोणती? त्यांपैकी कोणत्या कामाचा लाभ गरिबांस अधिक सहज मिळतो, व का?

२. शंभरांतील पंचवीस शाळेस व बाकीचे इतरत्र, ह्या वहीस आपण दान म्हणू काय? कारण सांगा.

३. दावीदाने अरवनाचे खळे फुकट का घेतले नाही?

४. दान व तिकीट ह्यांतील भेद विधवेच्या गोष्टीवरून स्पष्ट करा.

५. आपल्या मंडळीतील एखादा भाऊ अडचणीत असता ती मंडळीस सांगण्यास का कचरतो? ह्यासाठी पंचांनी येत्या महिन्यात कोणती एक गोष्ट करावी ते ठरवा, व ती कोण करील त्याचे नाव लिहून ठेवा.